परसातला तेजोमेघ

करायचं ते आधी करावं आणि मग छापावं. आमच्या हेडमास्तरांनी हा क्रम उलटा केला आणि तिथून माझी दुर्दशा सुरू झाली. अडतीस सालच्या जानेवारीत शाळेच्या संमेलनाची पत्रिका छापून आली. तिच्यात मुलांच्या पोवाड्यांच्या खाली आणि पानसुपारीच्या वर एक ओळ होती : 'शास्त्रशिक्षक रा. राघवेंद्र गलगली स्वतःच्या परसातून घेतलेले मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र मॅजिक लँटर्नवर दाखवतील.' पोवाडेवाल्या मुलांची नावंसुद्धा इतक्या ठळक अक्षरांत नव्हती.

वास्तविक मी शिक्षकांच्या खोलीत एवढंच म्हणालो होतो, की मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण दिसतो, त्याच्या खाली एक पुसट डाग आहे आणि तो तारा नसून तेजाचा अफाट ढग आहे. ड्रॉइंगचे गोपाळराव चहा पीत होते. डाग आकाशात आहे की मास्तरांच्या चष्म्यावर हे कोणी पाहिलंय, असं ते बशीत बघत म्हणाले. बावीस वर्षं मी मुलांना 'पुराव्याशिवाय बोलू नये' हे छडीसकट शिकवत आलो होतो. मग मला पुढे बोलणं भागच होतं. फोटो काढून दाखवतो म्हणालो, आणि तोही माझ्या घराच्या मागच्या दारात उभा राहून. हेडमास्तर नेमके तेव्हा आत येत होते. संमेलनाला इन्स्पेक्टरसाहेब येणार होते आणि त्यांच्यापुढे मांडायला शाळेत पोवाड्यांखेरीज काही नव्हतं. पत्रिका साहेबांना गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता तो ढग आला नाही तर शास्त्राचे तास गोपाळरावांकडे जातील आणि मला ड्रॉइंग घ्यावं लागेल. ते हे हसत म्हणाले, पण मला फळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

साधनं जमवली. हुबळीच्या धोंडिबा फोटोग्राफरने कॅमेरा उसना दिला, सहा काचांची एक पेटी दिली, आणि काच लाल दिव्याखेरीज कशातही उघडायची नाही असं तीनदा बजावलं. आता आकाश फिरतं, म्हणून कॅमेराही त्याच्याबरोबर फिरायला हवा. साहेबलोक याला घड्याळाची यंत्रं लावतात. मी दोन पाट घेतले, त्यांना एका कडेला बिजागरी बसवली, बिजागरीचा रोख ध्रुवाकडे केला आणि मधून एक लांब स्क्रू घातला. मिनिटाला एक फेरा दिला की वरचा पाट आकाशाच्या चालीने उचलला जाई. ही युक्ती अजूनही मला माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. पण आमच्याकडे पाट सहाच होते, आणि हे विहीणबाई आणि व्याही जेवायला आले त्या दिवशी पंगत मांडताना उघडकीस आलं. व्याह्यांना घडी घातलेल्या घोंगडीवर बसवावं लागलं. दोन पाटांवर सध्या नक्षत्रं बसतात, असा खुलासा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शकुंतलेने, वाढता वाढता केला. व्याही बिचारे सभ्य होते, त्यांनी पुन्हा वरण मागितलं.

खरी अडचण उजेडाची होती. आमच्या परसाच्या एका बाजूला प्रभंजनराव वकिलांचं घर. त्यांनी नुकतीच वीज घेतली होती आणि मागच्या पडवीत एवढा मोठा दिवा लावला होता की त्यात आमच्या तुळशीची सावली आमच्याच भिंतीवर पडत असे. दुसऱ्या बाजूला बोळ आणि बोळाच्या तोंडाशी सरकारी खांब. अशा परसातून मृग दिसायचा तो लाजल्यासारखा. प्रभंजनरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि अशिलाला देतात तसा सल्ला दिला : रायापूरला जा, शेतात मिट्ट काळोख असतो. हाच सल्ला मला दूधवाल्याने, पोस्टमनने आणि न्हाव्यानेही दिला. प्रत्येकाला मी खिशातून पत्रिका काढून 'स्वतःच्या परसातून' या शब्दांवर बोट ठेवून दाखवत असे. मग प्रभंजनराव म्हणाले, "मास्तर, छापलेलं नाकारता येत नाही. पण परस म्हणजे काय, यावर वाद घालता येतो री." मला वाद नको होता, काळोख हवा होता.

म्हणून मी घरोघर फिरलो. संध्याकाळी साडेसातपासून फक्त अर्धा तास दिवे मालवा, एवढीच विनंती केली. यात काय चुकलं हे मला तिसऱ्या घरी कळलं. माघातल्या संध्याकाळी, लक्ष्मी घरात यायच्या वेळेला, दारोदार जाऊन दिवे मालवायला सांगणारा माणूस धारवाडात माझ्याआधी झाला नव्हता. तिथल्या हेमावतीबाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं नाही, पण माझ्यासमोरच कोनाड्यात आणखी एक पणती लावली. माझ्या अभद्र बोलण्याचा उतारा म्हणून त्या आठवड्यात बोळातल्या प्रत्येक घराने एकेक जादा दिवा लावला. आकाश पूर्वीपेक्षा उजळ झालं.

राहता राहिला सरकारी खांब. दिवाबत्तीच्या कचेरीत मी रीतसर अर्ज दिला : बोळाच्या तोंडाशी असलेल्या दिव्याबाबत, अमुक वेळेत अर्धा तास बंद ठेवण्याची कृपा व्हावी. चौथ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि खांबावर दुप्पट मोठा दिवा बसवून गेली. मी धावत कचेरीत गेलो. तिथले महादेवप्पा कारकून शांत गृहस्थ. दिव्याबाबतचे सगळे अर्ज उजेड कमी पडतो म्हणूनच येतात, त्यामुळे पहिल्या ओळीपुढे कोणी वाचत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांना माझी दया आली. त्यांनी विचारलं, "दिवा जायलाच पाहिजे का तुम्हाला? मग दिवा लागत नाही म्हणून लिहा की. दुरुस्तीला काढून आणतो. परत कधी लागतो ते आम्हालाही ठाऊक नसतं." म्हणजे उजेड हवा असेल तर बंद करा म्हणून लिहायचं आणि काळोख हवा असेल तर लावा म्हणून लिहायचं. चांगल्या चालणाऱ्या दिव्याविरुद्ध मी खोटी तक्रार लिहिली आणि खाली सही केली. दुसऱ्याच दिवशी दिवा गेला. पुढे दीड वर्ष बोळातली माणसं त्या काळोखात ठेचकाळत होती, आणि प्रत्येक ठेचेला माझं नाव घेत होती.

या धामधुमीत आमची विमला बाळंतपणाला माहेरी आली. आता इथे थोडं गंभीर बोलतो. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिली मुलगी दीड महिन्याची होऊन गेली. त्या खेपेला पाचव्या रात्री बायकांनी सटवीची पूजा मांडली होती. कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा ठेवायचा, आणि सटवी येऊन मुलाचं नशीब लिहून जाते. शास्त्रशिक्षकाच्या घरात असलं काही चालणार नाही, असं म्हणून मी ती उचलायला लावली होती. पोर तापाने गेली, पूजेचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला त्यावरून कधी कोणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

विमलेला मुलगी झाली, सुखरूप झाली. आणि माझी अंधारखोली गेली. घरात बिनखिडकीची खोली एकच. तिथे माझा लाल कंदील, बशा आणि औषधं होती. अळणावराहून आलेल्या तानूबाई सुइणीने ती सगळी एका टोपलीत भरून माझ्या हातात दिली आणि तिथे बाज, शेगडी आणि शेपू-ओव्याची धुरी आली. काचा धुवायच्या तर आता हुबळीला धोंडिबाकडे जाणं आलं.

दरम्यान मी काचा वाया घालवत होतो. पहिल्या काचेच्या वेळी झाकण काढायला विसरलो आणि अर्धा तास मोठ्या निष्ठेने स्क्रू फिरवला. दुसरीच्या वेळी स्क्रू उलटा फिरवला. तिसरीच्या वेळी प्रभंजनराव कुंपणावरून बॅटरी मारून 'काय आलं काय?' असं विचारते झाले. चौथीवर मांजर चढलं. पाचवी हातातून पडली, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही म्हणून ती मला सर्वांत जास्त लागली. शेवटची उरली.

त्या दिवशी शकुंतला माझ्याशी फार गोड वागली. वकिलांच्या दिव्याच्या आड तिने आपली काळी इरकली साडी दोन बांबूंवर स्वतः टांगली. मी लाल कंदिलात काच भरत होतो तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, की ही काच कोरीच दिसते, मग फोटो कुठे असतो? मी खुलून सांगितलं, की उजेड पडला की तिच्यावर जे उमटायचं ते उमटतं, पण आपल्याला दिसत नाही. औषधात धुतली की मग दिसतं. तिने हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात माझं शास्त्र तिने एवढं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

साडेसातला सुरुवात केली. तीस फेरे, एकही चुकला नाही. मान अवघडली, डास चावले, पण मृग त्या दोन पाटांवर ठरल्या जागी बसून राहिला. काच मी काळ्या कागदाच्या दोन पदरांत गुंडाळली, दोरा बांधला आणि माझ्या कपाटात वह्यांच्या वर ठेवली. मला इतका थकवा आला होता की शकुंतला म्हणाली पुढच्या कट्ट्यावर गार वाऱ्याला झोपा, तर मी लगेच गेलो. सकाळी पुडकं जागच्या जागी होतं. दोऱ्याची गाठ मात्र फार नीटस दिसली. मला गाठी कधी नीट येत नाहीत, पण माणूस सुधारतो, असं मला वाटलं.

रविवारी हुबळीला गेलो. धोंडिबाच्या लाल दिव्यात काच औषधात घातली आणि ती भराभर काळी होऊ लागली. पण काळ्यात पांढरं काहीतरी राहिलं. बाहेर आणून उजेडाला धरली, तर धोंडिबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अण्णा, साधलं की तुम्हाला." काळ्याभोर आकाशात स्वच्छ तारेच तारे, आणि मधोमध एक मऊ, पसरट, पांढुरका ढग. आता फोटोच्या काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटतं. मी ते सातवीच्या मुलांना दरवर्षी शिकवत असे. आकाश काळं आणि तारे पांढरे म्हणजे काचेवर उलटं हवं होतं. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, धोंडिबाला सुचलं नाही, आणि आनंदात असलेल्या माणसाला कधीच सुचत नाही. घरी येऊन मी नकाशा घेऊन बसलो. काच आठ तऱ्हांनी फिरवून पाहिली. आठव्या तऱ्हेत थोड्या सढळ मनाने बघितलं तर मृगाचा बाण सापडत होता.

संमेलनाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब मध्ये, हेडमास्तर त्यांच्या शेजारी, गोपाळराव पहिल्या रांगेत. डाव्या हाताला बायका, त्यांत शकुंतला होती. बाळंतपणाला बारा दिवस उलटून सोयर फिटलं होतं, विमलेजवळ तानूबाई होती. पोवाडे झाले. दिवे मालवले, आणि या खेपेला कोणी कुरकुर केली नाही. लँटर्नमध्ये काच सरकवली आणि पडद्यावर माझं आकाश उघडलं. सभागृहात टाळ्या पडल्या. इन्स्पेक्टरसाहेब मान पुढे करून म्हणाले, की असं त्यांनी विलायतेच्या पुस्तकातही पाहिलं नव्हतं. ते अगदी खरं होतं.

तळहाताएवढी काच भिंतीएवढी झाली की जे डोळ्याला दिसत नाही ते दिसतं. माझे तारे गोल नव्हते. लांबट होते. दोन्ही टोकांना निमुळते होते. काही मध्येच तुटलेले होते. मी हातातली छडी वर केली होती ती तशीच राहिली.

गोपाळराव उठले. ड्रॉइंगच्या माणसाची नजर. त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "मास्तर, त्या ताऱ्याला टोक कसलं? हे तांदूळ आहेत का?"

कोणीतरी हसलं. मी बायकांच्या बाजूला बघितलं. सगळ्या पडद्याकडे बघत होत्या, एकटी शकुंतला खाली आपल्या मांडीकडे बघत होती. आणि मला एका क्षणात सगळं कळलं : ती गोड वागणूक, ते दोनदा विचारणं, तो गार वारा, ती गाठ. ती पाचवी रात्र होती. सटवीपुढे काहीतरी कोरं ठेवायला हवं होतं, आणि मास्तराच्या घरात दोन्ही बाजूंनी लिहिलेला नाही असा एक कागद सापडत नव्हता. माझ्या कपाटात साईसारखी कोरी काच होती. तिच्यावर लिहिलेलं दिसत नाही पण धुतलं की दिसतं, हे मीच तिला समजावून सांगितलं होतं. मग तिच्यावर अक्षता पडल्या, वर कुंकवाची चिमूट पडली, शेजारी रात्रभर दिवा जळला. जिथे तांदूळ होते तिथे उजेड पोचला नाही. मृग त्या उजेडात केव्हाच बुडून गेला होता.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा संताप आला. माझे बावीस वर्षांचे तास त्या पडद्यावर चालले होते. नुसतं 'घरातल्या बायकांनी काच बिघडवली' एवढं म्हटलं असतं तरी मी सुटत होतो. साहेब हसले असते, हेडमास्तरांनी मान डोलावली असती, आणि शकुंतलेला त्या रांगेतून उठून घरी जावं लागलं असतं. मागच्या खेपेला मी तिची पूजा उचलायला लावली तेव्हाही ती अशीच खाली बघत उभी होती. दीड महिन्याने पोर गेली, तेव्हासुद्धा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

मी छडी खाली ठेवली आणि म्हणालो, "साहेब, हे तांदूळच आहेत. गेल्या आठवड्यात माझ्या नातीची पाचवी होती. ही काच सटवीपुढे मी ठेवली. माझ्या हाताने ठेवली."

त्यानंतर जे हसू झालं त्याचं वर्णन करवत नाही. पहिल्या रांगेपासून दारापर्यंत ते गेलं आणि परत आलं. मुलं बाकांवर थापा मारत होती. हेडमास्तरांनी दिवे लावा म्हणून खूण केली. इन्स्पेक्टरसाहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले, की धारवाडचे शास्त्रशिक्षक फारच सर्वसंग्राहक दिसतात. प्रभंजनरावांनी बाहेर गाठून मला सांगितलं, की कबुलीजबाब देण्याआधी वकिलाला विचारायचं असतं. जूनपासून शास्त्र गोपाळरावांकडे गेलं. मी पाचवी ते सातवीला ड्रॉइंग शिकवतो. वर्तुळ काढायला मला वाटी लागते, आणि वर्गात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शकुंतला आणि मी घरी आलो. काच माझ्या खिशात होती. आत गेल्यावर विमला बाजेवर उठून बसली आणि तिने हात पुढे केला. बातमी आमच्या आधी पोचली होती.

तिने ती काच कंदिलासमोर धरली. मग म्हणाली, "अप्पा, तानूबाई म्हणते जितके तांदूळ तितकी वर्षं. मला मोजवत नाही. तुम्ही मोजा."

हे सगळं थोतांड आहे हे मला माहीत होतं. तिलाही मी लहानपणी तेच शिकवलं होतं, आणि तीही ते विसरली नसेल. पण तिने काच माझ्या हातात दिली. मी चष्मा पुसला आणि मोजायला बसलो. अख्खे तांदूळ चोपन्न भरले. चोपन्न वर्षं काही वाईट नाहीत, पण मला ती पुरेनात. मग मी तुटलेल्या कण्या अख्ख्या धरल्या. कुंकवाच्या ढगातल्या गुठळ्या धरल्या. मोठ्याने मोजत होतो आणि विमला ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होती. पोर तिच्या मांडीवर मूठ चोखत पडली होती. एक्क्याऐंशीला येऊन मी थांबलो. आता धरायला काही उरलं नव्हतं.

शकुंतला माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने वाकून काचेच्या कडेला बोट लावलं.

"हा कोपऱ्यातला धरला नाही तुम्ही," ती म्हणाली.

तो तांदूळ नव्हता. काच भरताना पडलेला माझ्याच अंगठ्याचा डाग होता. मी म्हटलं, "ब्याऐंशी."